काळ्या मातीतली लाइन

"एकशे बारा," रतन म्हणाली.

पडद्यावरची नजर न काढता चैतालीनं विचारलं, "काय एकशे बारा, मावशी?"

"सांधे."

टेम्पोच्या हौद्यात एक लहानसा पडदा मांडला होता आणि त्यात ड्रेनेजच्या पाईपचं पोट दिसत होतं. चार चाकांवरचा कॅमेरा चेंबरमधून आत सोडलेला होता. स्वतःच्याच दिव्याच्या उजेडात तो सावकाश पुढं जात होता. दर दोन फुटांवर एक गोल रेघ लांबून यायची, मोठी व्हायची आणि पडद्याबाहेर निघून जायची. प्रत्येक रेघेला रतनचा अंगठा बोटाच्या एका पेरावरून पुढच्या पेरावर सरकत होता.

"आज झाडलोट सोडून सिनेमाला बसलात वाटतं, रतनबाई," मागून माधवराव गद्रे म्हणाले. ते सोसायटीचे अध्यक्ष. वय एकोणऐंशी, हातात काठी, आणि कुणी काही चांगलं केलं तरी त्यातलं उणं आधी दिसणारी नजर.

"माझाच हाय शिनिमा, साहेब," रतन म्हणाली. "एकशे तेरा."

ते खरंच होतं. कोथरूडच्या या मधुवंती सोसायटीच्या सहा इमारती उभ्या राहत होत्या तेव्हा, एक्क्याण्णव साली, ही दोनशे मीटरची लाइन रतननं आणि तिच्या नवऱ्यानं टाकली होती. नवरा वैजनाथ गवारे, गंगाखेडकडचा. तो सांधे भरायचा, ती हाताखाली असायची. वीस वर्षांची होती ती. त्यांचा वर्षाचा मुलगा संतोष खड्ड्याच्या काठाला, रिकाम्या सिमेंटच्या मोठ्या पाईपमध्ये फडक्याच्या झोळीत झोपलेला असायचा.

लाइनचे पाईप मात्र भाजक्या मातीचे. तपकिरी, चकचकीत, टिचकी मारली की भांड्यासारखे वाजणारे. एका टोकाला रुंद तोंड, त्यात पुढच्या पाईपचं टोक बसवायचं, फटीत सिमेंटच्या रबडीत भिजवलेला ताग ठोकायचा आणि वरून माल लिंपायचा. वैजनाथ हे काम थापीनं न करता हातानं करी. कुंभार मडक्याची कड फिरवतो तसा त्याचा हात सांध्याभोवती फिरायचा. तो सांधा भरून झाला की रतन दोरीला बांधलेला पोत्याचा बोळा पाईपमधून ओढायची, म्हणजे आत आलेला माल वाळून घट्ट व्हायच्या आत पुसला जायचा. तेहतीस वर्षांनी ती आज पहिल्यांदाच सांध्यांची आतली बाजू बघत होती. एकाही रेघेवर मालाचा गोळा अडकलेला नव्हता.

गेल्या पावसाळ्यापासून सी इमारतीच्या तळमजल्यावर मोऱ्यांतून पाणी उलटं येत होतं. कंत्राटदार श्यामराव येऊन पाहून गेले आणि म्हणाले, सगळी लाइन उकरा, जुनं सगळं फेका, नवीन टाका. माधवरावांना कुणाचंच एकदम पटत नसे. त्यांनी एका सल्लागार कंपनीला बोलावलं, आणि कंपनीनं कॅमेऱ्याबरोबर चैतालीला पाठवलं. सव्वीस वर्षांची मुलगी, पायात गमबूट, बोलणं भरभर.

दुसरं चेंबर झालं, तिसरं झालं. रतन मोजत राहिली. दोनशे बारा, दोनशे तेरा. सी इमारतीच्या मागं, नाल्याच्या अंगाला कॅमेरा पोचला तेव्हा तिनं मोजणं थांबवलं आणि पदर तोंडाशी धरला.

पडद्यावर पाणी साचलेलं दिसलं. मग पाईपला आडवी, बांगडीसारखी गोल चीर. तिच्या पुढचा तुकडा बोटभर खाली बसलेला. त्याच्या पुढं आणखी एक चीर.

"बघा," श्यामराव म्हणाले. ते टेम्पोच्या दाराला टेकून उभे होते. "म्हणलं नव्हतं? सांधं सुटल्यात. जुनी कामं अशीच हायेत ओ."

"एक मिनिट." चैतालीनं कॅमेरा हातभर मागं घेतला आणि दिवा वाढवला. "सांधा नाही सुटलेला. हा बघा, जॉइंट इथंय. एकदम ओके आहे. पाईप तुटलाय त्याच्यापुढं, वीतभर अंतरावर." तिनं पुढची चीर पाहिली, त्याच्या पुढची पाहिली. "सगळीकडे तेच. सांधे धड आहेत, पाईप मधे मोडलेत."

"म्हणजे काय?" माधवरावांनी विचारलं.

"म्हणजे खालची जमीन हललीय, काका. ही काळी माती असणार. उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. हा पाईप रिजिड, कडक. वरचं ओझं तो स्वतःच्या अंगावर घेतो, पण वाकता येत नाही त्याला. खाली काँक्रीटची बैठक असती तर टिकला असता. ती दिलेलीच दिसत नाही इथं."

माधवराव काठीच्या मुठीकडं बघत होते. "सांधे भरणाऱ्याचा दोष नाही यात?"

"छे! ॲक्च्युअली जॉइंटिंग खूपच सुंदर आहे. सोसायटीच्या लाइनमध्ये असं काम मी पाहिलं नाही अजून. कुणी केलं होतं?"

श्यामरावांना माहीत नव्हतं. माधवरावांना माहीत होतं, पण ते वळले आणि काठी टेकत आपल्या इमारतीकडं निघाले. रतननं खराटा उचलला.

"माझ्या मालकांनी," ती चैतालीला म्हणाली, आणि बी इमारतीच्या मागचा पाचोळा ओढायला गेली.

*

वैजनाथनं तेव्हा सांगितलं होतं. खड्डा नाल्याकडं वळला आणि मुरूम संपून काळी माती लागली त्या दिवशीच त्यानं काम थांबवलं होतं. त्या वेळच्या कंत्राटदाराच्या माणसाला तो म्हणाला होता, "हितं खाली काँक्रीट पायजे. न्हाईतर ही माती काढून मुरूम भरा. आमच्याकडं सगळी अशीच माती हाय, मला ठाऊक हाय ती काय करती. घराच्या भिंती फोडती ती, पाईपाचं काय घेऊन बसलाय." तो माणूस हसला. तुला पाईप जोडायला ठेवलाय, मातीचं आम्ही बघतो, म्हणाला. दोन दिवस वैजनाथ अडून बसला. तिसऱ्या दिवशी काम केलं, पण त्या साठ पाईपांचे सांधे भरताना तो रतनशीसुद्धा बोलला नाही.

दिवाळीत लाइन तुंबली. राहायला आलेल्या लोकांच्या घरांत घाण आली. कंत्राटदारानं सांगितलं, सांधे कच्चे भरले. तेव्हा माधवराव सोसायटीचे सेक्रेटरी होते, टेलिफोन खात्यात मोठ्या हुद्द्यावर. दहा माणसांसमोर त्यांनी वैजनाथला बोलावून घेतलं आणि आवाज न चढवता म्हणाले, "गवारे, काम येत नसेल तर तसं सांगावं. लोकांच्या घरात घाण आणू नये."

वैजनाथ उत्तर द्यायला गेला नाही. बोलून पटवणाऱ्यांपैकी तो नव्हताच. कंत्राटदारानं दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकलं. बांबू घालून लाइन वरवर मोकळी केली गेली आणि पुढं दर दोन-तीन वर्षांनी तशीच केली जात राहिली. पुण्यात वैजनाथला पुन्हा सांध्याचं काम मिळालं नाही. सगळीकडं त्याच्याआधी ते वाक्य पोचलेलं असायचं.

ओळखीचं कुणी गुजरातेत होतं. तिकडं पाईपची मोठी कामं निघाली होती. जाताना तो रतनला म्हणाला, "काम बसलं की न्यायला येतो. हितून हलू नको. हललीस तर शोधू कुठं?"

म्हणून ती हलली नाही. माधवरावांच्या बायकोनं, शाळेत शिकवणाऱ्या गद्रेबाईंनी, तिला सहा घरची कामं लावून दिली आणि सी इमारतीमागची पत्र्याची खोली राहायला मिळवून दिली. वैजनाथची पत्रं त्याच वाचून दाखवायच्या. माधवराव शेजारच्या खोलीत असायचे, रेडिओ ऐकत. रतनला तेव्हा वाटायचं, ते रेडिओचा आवाज मुद्दाम बारीक करतात.

वर्षाकाठी चार-पाच पत्रं यायची. दोनदा तो स्वतः येऊन गेला, चार-चार दिवस. पत्रात सगळे पाईपच असत. 'इकडे आता नवे काळे पाईप आले आहेत. हलके. एकटा माणूस खांद्यावर नेतो. दाबले तर दबतात व सोडले की परत गोल होतात. फुटत नाहीत. मात्र ह्यांचे एक आहे. आपला मातीचा पाईप स्वतःच्या जिवावर उभा राहतो, हा बाजूच्या मातीच्या जिवावर. दोन्ही कुशींना मुरूम भरून नीट दाबला तर कितीही ओझे घेतो. बाजू सैल राहिली तर बसतो. मी दोन्ही बाजू पायाने तुडवून घेतो. लोक हसतात.' आणि अगदी शेवटी एक ओळ: 'संतोषला शाळेत घालणे. तू जेवत जा.'

गद्रेबाई पत्र संपवून चष्मा काढायच्या आणि म्हणायच्या, "इंजिनिअरच आहे हो तुझा नवरा." ती शेवटची ओळ रतन त्यांना पुन्हा वाचायला लावायची.

शेवटचं पत्र कच्छमधून आलं, भुजजवळच्या एका गावातून, सन दोन हजारच्या डिसेंबरात. काम चांगलं आहे, राहायला पक्की खोली मिळाली आहे, मार्चमध्ये न्यायला येतो. जानेवारीच्या सव्वीस तारखेला तिथं भूकंप झाला.

रतनचा भाऊ जाऊन पाहून आला. पत्त्यावर खोली नव्हती, गल्लीच नव्हती. दवाखान्यांतल्या याद्या, छावण्यांतल्या याद्या, दहन केलेल्यांच्या याद्या, सगळ्या त्यानं बघितल्या. कशातच वैजनाथ हरिभाऊ गवारे हे नाव नव्हतं. भावानं परत येऊन डोकं खाली घालून हे सांगितलं तेव्हा रतन म्हणाली, "नाव नाय ना? मग झालं तर." आणि त्याला जेवायला वाढलं.

त्याला चोवीस वर्षं होत आली होती. गद्रेबाई गेल्या. संतोष शिकला, वाघोलीच्या एका गोदामात सुपरवायझर झाला, त्यानं तिथं दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. लग्न झालं, त्याला मुलगी झाली. तो दर महिन्याला यायचा आणि दर महिन्याला तेच म्हणायचा, "आई, चल आता. पत्र्याच्या खोलीत किती दिवस काढणारेस?" ती म्हणायची, "दिवाळीनंतर बघू." कुठल्या दिवाळीनंतर, ते संतोषनं विचारायचं सोडून दिलं होतं.

*

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक झाली. वीस-पंचवीस माणसं. रतन चहा देत होती. चैतालीनं भिंतीवर चित्रं दाखवत सांगितलं की, दोनशे मीटरपैकी एकशे चौसष्ट मीटर लाइन उत्तम आहे, तिला हात लावायचं काही कारण नाही. भाजका पाईप सडत नाही, गंजत नाही, आतल्या वायूनं खाल्ला जात नाही. अजून चाळीस वर्षं तो काही बोलणार नाही. बदलायचे आहेत ते फक्त काळ्या मातीतले छत्तीस मीटर.

"तुकड्यातुकड्यानं काम नीट होत नसतं, मॅडम," श्यामराव म्हणाले. "नवी तर सगळी नवी करा की."

"दात एक किडला म्हणून कवळी बसवत नाहीत, श्यामराव," माधवराव म्हणाले. "छत्तीस मीटरमध्ये काय घालायचं, ते सांगा."

चैतालीनं दोन्ही बाजू मांडल्या. एक तर पुन्हा कडक पाईप, सिमेंटचा किंवा भाजका, पण खाली पक्की काँक्रीटची गादी देऊन. तरी ही माती फुगणारच, आणि गादीला तडा गेला की पाईपला जाणार. दुसरा उपाय, नवा लवचीक पाईप. दुहेरी भिंतीचा, बाहेरून वळ्यावळ्यांचा, आतून गुळगुळीत. लांब लांब तुकडे येतात, त्यामुळे सांधे कमी. जमीन थोडी हलली तर तो तिच्याबरोबर लवतो.

"लवतो म्हणजे वरून गाडी गेली की चपटा होणार," एक सभासद म्हणाले.

"नाही होत. तो ओझं बाजूच्या मातीवर ढकलतो."

"म्हणजे पाईपचं काम मातीनं करायचं," माधवराव म्हणाले. "बरंय. आमच्या ऑफिसातही असे काही लोक होते."

लोक हसले. चैताली पुढचं चित्र शोधू लागली. तेव्हा चहाचा ट्रे हातात धरून उभी असलेली रतन म्हणाली, "पण माती बसवून द्यावी लागती त्याला. काळी नाय चालत. दोन्ही कुशींना मुरूम घालायचा, वीत-वीत थर, आन् दोन्हीकडं सारखा दाबायचा. एका बाजूला आधी भरला तर पाईप सरकतो. मग लई ओझं घेतो तो. बाजू सैल सोडली तर मात्र बसतो."

"करेक्ट," चैताली म्हणाली. "अगदी हेच. मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"पत्रात व्हतं."

लवचीक पाईपवर शिक्कामोर्तब झालं. आणखी एक गोष्ट ठरवायची होती. रतनची खोली त्या खड्ड्याला अगदी लागून होती, खणताना तिची भिंत धरली नसती. खोली पाडायची आणि तिला गेटजवळची केबिन द्यायची, असं कुणीतरी सुचवलं. रतननं मान हलवली. तिला कुणी विचारलेलं नव्हतं, पण नाहीही म्हणता येणार नव्हतं.

लोक उठायला लागले तसे माधवराव म्हणाले, "बसा. इतिवृत्त व्हायचंय." त्यांनी सभेची वही स्वतःकडं ओढली. एरवी ती सेक्रेटरी लिहायचे. "एक्क्याण्णव साली या लाइनबद्दल मी एक विधान केलं होतं. इथल्या काहीजणांनी ते ऐकलंय, बाकीच्यांचा जन्म व्हायचा होता. ते विधान चुकीचं होतं. मला मातीतलं काही कळत नव्हतं आणि ज्याला कळत होतं त्याला मी बोलू दिलं नाही." त्यांनी पेनचं टोपण काढलं. "तेवढं लिहून घेतो. म्हणजे माझ्यानंतर कुणी शंका काढायला नको."

ते लिहीत गेले आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "'सदर लाइनचे सांधे तपासणीत निर्दोष आढळले. नाल्यालगतच्या भागात काँक्रीटची बैठक द्यावी अशी सूचना त्या वेळी जोडारी यांनी केली होती, ती मानली गेली नाही. लाइनमधील बिघाडास ते जबाबदार नव्हते. त्यांना लावलेला दोष ही सभा मागे घेत आहे. सदर काम...'" पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून रतनकडं पाहिलं. नावाआधी काय घालायचं, हे त्यांना विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. तिच्या कपाळावरचं कुंकू ते रोज बघत होते.

रतनला कळलं. गद्रेबाई गेल्यावर सोसायटीच्या फळ्यावर त्यांच्या नावाआधी 'कै.' लिहिलेलं तिनं रोज झाडताना पाहिलं होतं, आणि ते काय असतं ते संतोषला विचारून घेतलं होतं.

"श्री. लिहा," ती म्हणाली.

माधवरावांनी लिहिलं. 'सदर काम श्री. वैजनाथ हरिभाऊ गवारे व त्यांच्या पत्नी सौ. रतन वैजनाथ गवारे यांनी केले होते.' मग त्यांनी वही फिरवून तिच्यापुढं ठेवली. गद्रेबाईंनी तिला सही करण्यापुरतं शिकवलं होतं, तेवढी दोन नावं तिला ओळखू येत. तिनं सही केली नाही, पण त्या ओळीवर डोळे टेकवून उभी राहिली. श्री. आणि सौ. यांच्यामध्ये अर्ध्या ओळीचंच अंतर होतं.

रिकाम्या हॉलमध्ये ती कपबशा गोळा करत असताना माधवराव तिच्याजवळ आले. "आमच्या बाईंना हे आधीच पटलं होतं," ते म्हणाले. "त्यानं काँक्रीट मागितलं होतं, हेही मला दोन-तीनदा बोलल्या होत्या. मी ऐकलं नाही."

"रेडिओ बारीक करायचा तुम्ही, साहेब," रतन म्हणाली.

"हो. तेवढंच केलं." ते काठी चाचपत दाराकडं गेले.

*

डिसेंबरात काम सुरू झालं. खोली पाडली. रतनचं सामान दोन पत्र्याच्या पेट्यांत आणि एका गाठोड्यात मावलं. ते तिनं केबिनमध्ये नेऊन ठेवलं. छातीइतका खोल खड्डा खणला गेला, मोडके तपकिरी पाईप वर आले, खाली मुरमाची गादी घातली आणि काळे पाईप उतरले. दोन माणसं एकेक पाईप सहज धरून आणत होती. रतन लांबून बघत होती. वैजनाथनं लिहिलं होतं तसेच होते. वळ्यावळ्यांचे तेवढे त्याच्या पत्रात नव्हते.

भरणीच्या दिवशी चैताली दुसऱ्या साइटवर होती. श्यामरावांच्या जेसीबीनं पहिलं बकेट भरलं ते खणून काढलेल्या काळ्या मातीच्या ढिगातून. रतन केबिनसमोर झाडत होती. ती खराटा तसाच टाकून धावली.

"ओ, ती माती नको!"

"मावशी, वरून मशीन फिरवतो की. बसंल सगळं," श्यामराव म्हणाले. "मुरमाची गाडी उद्या येतीया. दीस वाया घालवू व्हय?"

रतननं लुगड्याचा काष्टा खोचला, शिडीवरून खड्ड्यात उतरली आणि पाईपला पाठ लावून उभी राहिली. तिच्या डोक्यावर जेसीबीचं बकेट मातीनं भरून थांबलं होतं.

"मावशी, वर या. काय खुळ्यासारखं करताय?"

"न्हाय येत. टाका माझ्यावर."

"टाका म्हणं! ओ, काय बोलताय?"

"एकडाव टाकली व्हती. माझा माणूस दोन दिस हितंच उभा व्हता आन् कुणी ऐकलं न्हाय. मी तिसऱ्या दिशीबी उभी ऱ्हाईन."

माणसं गोळा झाली. कुणीतरी माधवरावांना बोलावून आणलं. त्यांनी खुर्ची मागवली, खड्ड्याच्या काठापासून अंतर ठेवून मांडली आणि तिच्यावर बसले. "श्यामराव, तुमचं चालू द्या. फक्त आधी बाईंना बाहेर काढा. तेहतीस वर्षांत मला ते जमलेलं नाही, तुम्हाला जमलं तर शिकून घेईन."

श्यामराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, हसले, आणि मुरूमवाल्याला फोन लावला. गाडी दुपारी आली.

मग रतन बाहेर आली नाही. एक थर पडला की तिनं दुरमुस घ्यायचा. डाव्या कुशीला सहा ठोके, उजव्या कुशीला सहा. जिथं दुरमुस पोचत नव्हता, पाईपच्या अगदी बगलेत, तिथं तिनं पायांनी मुरूम तुडवला. त्रेपन्न वर्षांची बाई, चार वाजेपर्यंत. पाणी मारायचं, पुन्हा तुडवायचं. एका माणसानं दुसऱ्याला कोपरानं ढोसून दाखवलं आणि दोघं हसले. ते रतनला वरून ऐकू आलं. तिनं मान वर केली, आणि त्यांना वाटलं ती रागावेल. पण पत्रातलं 'लोक हसतात' आठवून तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं, की ते दोघं आपली फावडी घेऊन खाली उतरले.

संध्याकाळी चैताली आली. तिनं आतून पाईपची गोलाई मोजली, पाणी भरून पाहिलं. "पर्फेक्ट," ती म्हणाली. "मावशी, तुम्ही माझ्याबरोबर साइटवर याल का? खरंच विचारतेय."

"आता न्हाय गं, बाळा," रतन म्हणाली. ती काठावर बसून पायांवरचा मुरूम झाडत होती. "आता मी पोराकडं चालले."

तिलाच ते ऐकून नवल वाटलं. सकाळपर्यंत तसं काही ठरलेलं नव्हतं. केबिनमध्ये ती तीन रात्री झोपली होती. तिथं तिला वैजनाथ येईल असं एकदाही वाटलं नव्हतं. पत्र्याच्या त्या खोलीत रोज वाटायचं.

*

वाघोलीत संतोषचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर होता. खिडकीतून अर्धवट बांधलेल्या इमारती दिसायच्या आणि त्यांच्यामागं अजून न विकलेलं एक ज्वारीचं रान. सून सकाळी कामाला जाई, नात ऋतिका शाळेत जाई. दुपारी घरात काही झाडायचं उरत नसे. रतन बाल्कनीत बसून रस्त्यावरच्या माणसांच्या चाली बघायची. एक खांदा जरा उतरलेला, पाय फेकत चालणारा कुणी दिसला की ती उभी राहायची. मग बसायची.

संक्रांतीच्या आधी संतोष तिला आधार केंद्रात घेऊन गेला. कार्डावर अजून मधुवंती सोसायटीचाच पत्ता होता. दवाखान्यासाठी, रेशनसाठी तो बदलायला हवा होता. केंद्रात एक तरुण मुलगी कॉम्प्युटरपुढं बसली होती. तिनं नाव टाइप केलं, फ्लॅटचा नंबर टाइप केला.

"आजी, केअर ऑफमध्ये कुणाचं नाव टाकू? आधी मिस्टरांचं आहे. तेच ठेवू का मुलाचं टाकू?"

संतोष खाली बघू लागला. मागं रांग होती. रतनला सभेच्या वहीतली ती ओळ अक्षर न् अक्षर आठवत होती. ते नाव आता तिथं पक्कं होतं, कुणालाही पुसता येणार नव्हतं.

"पोराचं टाक," ती म्हणाली. "त्याच्याकडंच ऱ्हाते मी."

मुलीनं टाइप केलं. मग तिनं ठशांचं यंत्र पुढं सरकवलं. रतननं अंगठा टेकवला. दिवा लाल झाला. मुलीनं फडक्यानं काच पुसली, रतनचा अंगठा पुसला, पुन्हा टेकवायला सांगितला. लाल. तर्जनी, मधलं बोट, दुसरा हात. सगळीकडं लाल.

"रेघाच नाहीयेत, आजी," मुलगी तिचा तळवा उजेडाकडं धरून म्हणाली. "सगळ्या गुळगुळीत झाल्यात. सिमेंटमध्ये काम केलंय का तुम्ही?"

"केलंय."

"राहू दे. डोळ्यांचं घेते." तिनं दुर्बिणीसारखं एक यंत्र उचलून रतनच्या हातात दिलं आणि दोन्ही डोळ्यांना लावायला शिकवलं. आत काळोख होता आणि त्या काळोखात लांबवर एक लहानसा दिवा.

"सरळ समोर बघत राहा," मुलगी म्हणाली. "मी सांगेपर्यंत पापणी हलवायची नाही हं. जमेल ना?"

"जमंल," रतन म्हणाली, आणि पापणी न हलवता बघत राहिली.